हवेचा रोजनामा

मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे आपले नगर वसविले आणि डोंगराच्या पोटातले पाणी भुयारी नहरीने मोहल्ल्यामोहल्ल्यांत आणून सोडले, तेव्हापासून या शहराच्या कारभाऱ्यांनी पाण्याचा बंदोबस्त जितक्या दक्षतेने केला, तितका अन्य कोणत्याही महाभूताचा केला नाही. पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत नहरी होत्या, हौद होते, पाणचक्की होती; हवा मात्र सर्वांची म्हणून कोणाचीच नव्हती, आणि तिच्यातून काय येते, काय जाते याचे दफ्तर कोणत्याही सुभेदाराने ठेवले नाही.

वस्तुतः ज्याला त्या हवेचा उपद्रव होतो, त्याला तिची तिथीवार ओळख असते. भाद्रपद सरत येतो, डोंगरउतारावरच्या गवताला तुरे फुटतात, आणि पहाटे अंथरुणातच शिंकांची माळ सुरू होते. डोळे चुरचुरतात, नाक वाहते, टाळूला खाज सुटते आणि घरातली माणसे ‘सर्दी झाली’ म्हणून काढा उकळू लागतात. चरकसंहितेने प्रतिश्यायाच्या कारणांत ‘रज’ सांगितला आहे. तेथे त्याचा अर्थ धूळ असा असला, तरी संस्कृतात हाच शब्द फुलातल्या परागासही चालतो, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटत आला आहे. विलायतेत जॉन बोस्टॉक नामक वैद्याने स्वतःच्याच शरीरावरून या व्याधीचे वर्णन १८१९ साली केले, आणि तिचे मूळ परागात आहे हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी १८७३ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी पतंगाला चिकट काचा बांधून वरच्या हवेतले परागही टिपले होते.

आपल्या शहरातले तसे काम २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात झाले. प्रा. एस. टी. टिळक यांनी आपल्या सहकाऱ्यासमवेत १९७० साली एक वायुसंग्राहक यंत्र प्रसिद्ध केले, आणि ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते पुढे देशभर वापरले गेले. विजेवर चालणारे हे यंत्र मिनिटाला पाच लिटर हवा आत ओढते. आत सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यावर व्हॅसलीन लावलेली पारदर्शक पट्टी असते आणि हवेतले परागकण व बुरशीचे बीजाणू तिच्यावर येऊन चिकटतात. आठ दिवसांनी पट्टी काढून तिचे सोळा समान भाग करावयाचे, म्हणजे प्रत्येक भाग बारा तासांचा हिशेब देतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कण ओळखून मोजावयाचे. याहून काटेकोर रोजनामा कोणत्या कचेरीत लिहिला गेला असेल? शेतांवरची हवा अशी तपासली गेली. अजिंठ्याच्या लेण्यांतली हवाही तपासली गेली, कारण तेथील चित्रांना लागणारी बुरशी हवेतूनच येते. १९८० साली स्थापन झालेल्या इंडियन एरोबायॉलॉजिकल सोसायटीच्या उभारणीतही टिळकांचाच पुढाकार होता.

या विद्येच्या उजेडात शेजघराकडे पाहिले, म्हणजे जुन्या चालीरीतींतले गुणदोष वेगळे होऊ लागतात. वैशाखात माळवदावर निजणारे आपले वडीलधारे गवत वाळून गेलेल्या हवेत निजत आणि पावसाबरोबर खाली येत, म्हणून गवताच्या तुऱ्यांच्या दिवसांत त्यांची रात्र जाड मातीच्या भिंतींआड, लहान झरोक्यांच्या खोलीत जाई. जमीन शेणाने सारवलेली असे. झाडण्यापूर्वी पाण्याचा शिपका मारला जाई, त्यामुळे बसलेली धूळ पुन्हा उठत नसे. ओल्या फडक्याने पुसावे, कोरडा झाडू मारू नये, हा आजचा वैद्यकीय सल्ला त्या शिपक्याहून फारसा निराळा नाही. परंतु आश्विनात गोधड्या दिवसभर उन्हात टाकण्याची आपली प्रिय रीत या रुग्णाला घातक ठरते, कारण उन्हाबरोबर पराग कापडात शिरतो आणि रात्रभर नाकाशी राहतो. त्या एका ऋतूपुरत्या त्याच्या चादरी व उशांचे अभ्रे घरातच वाळवावेत.

मधल्या काळात शत्रूही बदलला. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज मराठवाड्यातल्या प्रत्येक पडीक जागी उभे आहे, आणि फाल्गुनाच्या सुमारास फुलणाऱ्या वावळाचा परागही अनेकांना बाधतो. म्हणजे केवळ आश्विन सांभाळून भागत नाही. उन्हाळ्यातल्या कूलरचे मला विशेष भय वाटते. वाळ्याच्या ओल्या ताट्या धूळ अडवीत आणि ऋतू संपताच काढल्या जात. कूलरचे गवती पडदे मात्र एका वर्षाचे दुसऱ्या वर्षी तसेच राहतात, त्यांत बुरशी धरते, आणि पंखा तिचे बीजाणू सरळ पलंगावर फेकतो. दर उन्हाळ्याच्या आरंभी ते पडदे बदललेच पाहिजेत.

उरलेले उपाय साधे आहेत. गवताचे पराग बहुधा सकाळच्या प्रहरी सुटतात, तेव्हा त्या ऋतूत सकाळी खिडकी लावून घ्यावी आणि पावसाची सर येऊन गेल्यावर उघडावी. बाहेरून आलेले कपडे शेजघरात टांगू नयेत. दिवसभराचा पराग केसांत बसलेला असतो, म्हणून निजण्यापूर्वी डोके धुवावे आणि मगच उशीला टेकवावे.