लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह

समकालीन बँडच्या जाहीर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे जतन करून ती इंटरनेटवर मोफत ऐकवणारा संग्रह. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेने ‘ईट्री’ या हौशी संगीतप्रेमींच्या गटासोबत तो २००२ मध्ये उभारला. आज त्यात दोन लाखांहून अधिक मुद्रणे आहेत.

त्यांतली बरीचशी श्रोत्यांनीच केलेली. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी बँडने कार्यक्रम टेप करायला मोकळीक दिली होती. १९८४ पासून तर मायक्रोफोनवाल्यांसाठी वेगळी जागाच राखली. अट एकच, विक्री करायची नाही. कॅसेटी हातोहात फिरल्या आणि त्यातूनच हा ठेवा साठला.

ध्वनीची प्रत घसरू नये म्हणून मूळ फाइल ‘फ्लॅक’सारख्या स्वरूपात ठेवतात. सोबतची टिपणे तर वाचण्याजोगी: तारीख, सभागृह, गाण्यांचा क्रम, कोणता मायक्रोफोन, कोणत्या यंत्रावरून रूपांतर, अगदी कॅसेट पालटताना गाणे कुठे तुटले तेही. ग्रंथपालाने हेवा करावा इतकी ही शिस्त!

परवानगी दिलेल्या बँडचेच संगीत येथे ठेवले जाते. तरीही नोव्हेंबर २००५ मध्ये ग्रेटफुल डेडच्या मुद्रणांची डाउनलोड सोय अचानक बंद झाली. चाहते खवळले, बँडचा बेसवादक फिल लेश यानेही नापसंती व्यक्त केली. काही दिवसांतच तोडगा निघाला. श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा डाउनलोडसाठी खुली झाली, तर ध्वनिनियंत्रण यंत्रावरून थेट घेतलेली केवळ ऐकण्यापुरती राहिली.