तर्षणाच्या शोधाचा वारस कोण?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांस पाणी सुटते आणि पाण्यात टाकलेल्या मनुका टपोऱ्या फुगतात, हे आपल्या गृहिणींस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. परंतु पाण्याने हा एकतर्फी प्रवास का करावा, या प्रश्नाचा निकाल लागण्यास युरोपात सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली. या क्रियेस शास्त्रीय मराठीत ‘तर्षण’ म्हणतात. ‘परासरण’ हा शब्दही रूढ आहे.

या दाव्यातील पहिला साक्षीदार म्हणजे फ्रान्समधील नोले नामक पाद्री. १७४८ साली त्याने मद्यार्काने भरलेल्या बाटलीचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने घट्ट बांधले व ती पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी ते कातडे तट्ट फुगले. टाचणी टोचताच आतून कारंजे उडाले. आत पाणी व बाहेर मद्यार्क अशी उलट योजना केली, तेव्हा कातडे आत खेचले गेले. साक्ष निःसंदिग्ध होती. पण नोले शोधीत होता ते निराळेच, द्रवांच्या उकळण्याचे रहस्य. त्यामुळे पुढे कित्येक दशके या प्रयोगाकडे कोणी वळून पाहिले नाही. १८२६ च्या सुमारास द्युत्रोशे याने वनस्पती व प्राणी यांच्या शरीरांतील ही क्रिया ओळखून तिला नाव दिले.

मूत्राशयाचे कातडे मात्र बेभरवशाचे. त्यातून पाण्याबरोबर विरघळलेला पदार्थही झिरपे. यावर उपाय काढला मोरित्झ ट्राउबे याने. हा गृहस्थ पेशाने मद्याचा व्यापारी! १८६७ साली त्याने कॉपर फेरोसायनाइडचे असे पटल तयार केले की, त्यातून पाणी जाई, साखर जात नसे. ते फार नाजूक होते. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने ते सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीतच जमविले आणि १८७७ साली आपली मोजमापे प्रसिद्ध केली. शेकडा १ साखरेच्या द्रावणाचा दाब ५३५ मिलिमीटर पारा, शेकडा २ चा १०१६, शेकडा ४ चा २०८२. साखर दुप्पट तर दाबही जवळजवळ दुप्पट!

हे आकडे आठ वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दप्तरी पडून राहिले. अॅम्स्टरडॅम येथील ह्यूगो द व्ह्रीस याने ते आपला सहकारी व्हान्ट हॉफ यास सांगितले, तेव्हा कुठे रसायनशास्त्राचे लक्ष वेधले गेले. व्हान्ट हॉफने पाहिले की, साखरेचे तितकेच रेणू वायुरूपाने तितक्याच जागेत कोंडले असते, तर त्यांचाही दाब ५२० मिलिमीटरच्या आसपास भरला असता. वायूंचा नियम विरल द्रावणांस लागू पडत होता! १८८५ ते १८८७ या काळात त्याने हा सिद्धांत मांडला. मिठाच्या द्रावणाचा दाब मात्र अपेक्षेच्या जवळपास दुप्पट येई. त्याचा उलगडा १८८७ साली आऱ्हेनियसने केला. पाण्यात मिठाचा प्रत्येक घटक दोन विद्युत्भारित कणांत विभागतो.

१९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफला मिळाले. त्याच्या गौरवलेखात तर्षणदाबाचा उल्लेख आहे. आमच्या मते तो निवाडा योग्यच होता, कारण पुरावा व निर्णय या दोन भिन्न गोष्टी होत. तथापि फेफरच्या त्या मातीच्या भांड्यावाचून न्यायाधीशापुढे वाचण्यास कागदच नसता.