ध्यानाला बसताना श्वास कसा घ्यावा?

"ध्यानाला बसलो की गरगरतं, हातांना मुंग्या येतात," अशी तक्रार घेऊन काही रुग्ण येतात. विचारपूस केल्यावर बऱ्याचदा कळते की ते जोरजोरात खोल श्वास घेत होते. नवशिक्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: सुरुवातीला श्वास बदलायचा नसतो, फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायचे असते.

श्वासच का?
श्वास सतत सोबत असतो, त्यामुळे लक्ष टिकवायला तो सोयीचा. शिवाय श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. श्वास सावकाश सोडला की व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील प्रभाव वाढतो आणि शांत वाटू लागते.

चक्कर का येते?
प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. गरज नसताना जोरात, भराभर श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. असे झाल्यास थांबा, श्वास नेहमीसारखा होऊ द्या.

सुरुवात अशी करा
• पाठ सरळ ठेवून, अंग सैल सोडून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा.
• श्वास नाकाने, नेहमीसारखा चालू द्या. नाकपुडीशी आत जाणारी हवा गार आणि बाहेर येणारी कोमट लागते. तिकडे लक्ष ठेवा.
• मन भटकणारच. लक्षात आले की पुन्हा श्वासाकडे या. हाच सराव आहे.
• सुरुवातीला रोज ५ मिनिटे पुरेत. काही दिवसांनी श्वास थोडा सावकाश सोडून पाहा.

ही काळजी घ्या
• दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भावस्था असल्यास श्वास रोखण्याचे किंवा कपालभातीसारखे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारूनच करा.
• श्वासाकडे लक्ष दिल्याने घाबरल्यासारखे होत असेल, तर डोळे उघडा आणि जमिनीला टेकलेल्या पावलांकडे लक्ष न्या. तरीही भीती वाटत राहिली तर डॉक्टरांशी बोला.
• ध्यान सुरू केले म्हणून रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची औषधे स्वतःहून बंद करू नका.
• छातीत दुखणे, दरदरून घाम येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास ध्यानाने बरे वाटेल म्हणून वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.