‘हलका झटका’ आणि 24 तासांची रेघ

हात अचानक लुळा पडतो, तोंड वाकडे होते, शब्द फुटत नाही. आणि अर्ध्या तासात माणूस पहिल्यासारखा बोलू लागतो. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू झाला की असे होते. वैद्यकात याला टीआयए म्हणतात, घरोघरी ‘हलका झटका’.

या आजाराची नीट ओळख पटली ती रुग्णाचे म्हणणे कान देऊन ऐकल्यामुळे. मॉन्ट्रिऑलमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात पक्षाघाताच्या एका रुग्णाने डॉ. सी. मिलर फिशर यांना सांगितले, की आधी काही वेळ एका डोळ्याने दिसेनासे झाले होते. तो डोळा मात्र लुळ्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा. कोडे तिथेच सुटले. मानेतली कॅरोटिड धमनी त्याच बाजूच्या डोळ्याला आणि मेंदूला रक्त पुरवते. मेंदूचा त्या बाजूचा अर्धा भाग मात्र शरीराची दुसरी बाजू चालवतो. दोन्ही खुणा एकाच तुंबलेल्या धमनीच्या होत्या. फिशर यांनी 1951 साली हे मांडले. 1954 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, असे झटके वारंवार येणाऱ्या एका बाईंच्या धमनीचा अरुंद भाग कापून काढण्यात आला.

पुढे 1960च्या दशकात 24 तासांची मर्यादा रूढ झाली. लक्षणे तेवढ्यात गेली तर टीआयए, राहिली तर पक्षाघात. या आकड्याला ठोस आधार नव्हता. बहुतेक झटके तासाभरातच ओसरतात. पण या रेघेने रुग्णाचे पुढचे दिवस नजरेआड केले. तपासणीत मुठीची पकड घट्ट, बोट नाकाला बरोबर लागते, म्हणजे माणूस बरा. दुपारपर्यंत अंग गळून जाणे, ओळखीचे नाव ओठांवर येऊन अडणे, गलक्यात सुट्या पैशांचा हिशेब चुकणे, झोपेत दबलेल्या हाताला मुंग्या आल्या तरी काळजात धस्स होणे, यांतले काहीच त्या तपासणीत उमटत नाही. घरच्यांनी ‘ठणठणीत आहेत’ एवढेच ऐकलेले असते. मग थकवा सांगणारा आळशी ठरतो. ही हेळसांड दशकानुदशके चालली.

1990च्या दशकात एमआरआयच्या नव्या तंत्राने दाखवले, की लक्षणे गेलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या मेंदूत ताजी इजा असते. 2009 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने व्याख्येतून वेळेची अट काढली. इजा दिसली तर तो पक्षाघातच. तरी स्कॅन स्वच्छ निघालेल्यांचा थकवा बाजूलाच राहिला. 2010च्या दशकात ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा टीआयएनंतर थकवा, चिंता, नैराश्य आणि विस्मरणासाठी दवाखान्यात येणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले.