दिग्रीहून पेनांगपर्यंत

ब्रिटिश हवाई दलाची १५९ क्रमांकाची स्क्वाड्रन १९४२चा पावसाळा सरता सरता बंगालमधल्या सालबनीत आली, तेव्हा ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात जाऊन काही महिनेच झाले होते. तिच्याजवळ अमेरिकी बनावटीची चार इंजिनांची लिबरेटर विमाने होती. लांब, निमुळते पंख आणि पोटात भरपूर पेट्रोल, त्यामुळे पल्ल्याच्या बाबतीत त्यांच्या तोडीची बॉम्बफेकी विमाने थोडीच होती. बंगालच्या उपसागरापलीकडचा शत्रू गाठायचा तर दुसरे साधनही फारसे नव्हते.

सालबनी आणि नंतरचा तळ दिग्री, दोन्ही मेदिनीपूर जिल्ह्यातले. १६ ऑक्टोबर १९४२ला याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात वीस ते तीस लाख माणसे दगावली, असे अंदाज आहेत. धावपट्ट्यांवर पेट्रोल आणि बॉम्ब पोहोचत होते. भोवतालच्या मुलखात माणसे तांदळासाठी तडफडत होती. या तुकडीचा इतिहास तिच्या भोवतीच्या गावांना वगळून सांगता येत नाही.

स्क्वाड्रनची लढाई मुख्यतः अंतराशी होती. रंगून, मंडाले, सयाममधले रेल्वेमार्ग, पूल आणि बंदरे ही तिची लक्ष्ये. ११०० मैलांवरच्या लक्ष्यावर जाताना लिबरेटर सुमारे ३००० पौंडांचे बॉम्ब नेई. बाकी सारा भार पेट्रोलचा. १९४४मध्ये विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न प्रमुख झाले आणि त्यांनी इंजिने कशी चालवली तर पेट्रोल किती जळते, याचा बारकाईने अभ्यास केला. तेवढ्याच अंतरावर ८००० पौंड नेता येतात हे त्यांनी दाखवून दिले. मग इतर स्क्वाड्रनांनीही तीच पद्धत उचलली.

या हिशेबाची कसोटी २७ ऑक्टोबर १९४४ला लागली. मलायातले पेनांग हे जपानी आणि जर्मन पाणबुड्यांचे ठाणे होते. तिथून निघालेल्या पाणबुड्या हिंदी महासागरात व्यापारी जहाजे बुडवत. ब्लॅकबर्न यांच्या नेतृत्वाखाली पंधरा लिबरेटर विमानांनी जाऊन-येऊन तीन हजार मैलांहून अधिक उड्डाण केले, बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले आणि सगळी सुखरूप परतली.

रेल्वेवरचे हल्ले इतके सरळ नव्हते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून आणि तमिळ, ब्रह्मी, मलायी मजुरांकडून बांधून घेतली होती. रुळांलगतच कैद्यांच्या छावण्या होत्या. त्यामुळे दोस्तांच्या बॉम्बखाली दोस्तांचेच सैनिक मेले.

पकडले गेलेल्या वैमानिकांच्या वाट्याला काय येई, हे स्टॅन्ले वुडब्रिज यांच्या मरणावरून कळते. ते या स्क्वाड्रनचे वायरलेस ऑपरेटर. १९४५च्या सुरुवातीला त्यांचे विमान इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात कोसळले आणि ते साथीदारांसह जपान्यांच्या हाती सापडले. रेडिओ यंत्रणेची आणि सांकेतिक लिपीची माहिती काढून घेण्यासाठी त्यांचा अनन्वित छळ झाला. त्यांनी तोंड उघडले नाही. अखेर त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. १९४८मध्ये त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

स्क्वाड्रन १ जून १९४६ला बरखास्त झाली. लिबरेटर विमाने मात्र भारतातून गेली नाहीत. उसनवारीच्या अमेरिकी करारामुळे युद्धानंतर ती वापरता येईनात, म्हणून बरीचशी कानपूरला निकामी करून टाकून दिली गेली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्याच सांगाड्यांतून उडण्याजोगी विमाने उभी केली. नोव्हेंबर १९४८मध्ये भारतीय हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांवर सुरू झाली, १९५१मध्ये पुण्याच्या लोहगावला ६ क्रमांकाची. समुद्रावरच्या टेहळणीसाठी ती १९६८पर्यंत उडत राहिली. ब्रिटनमध्ये आज रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात असलेले लिबरेटर हे भारताने १९७४मध्ये दिलेले त्यांपैकीच एक आहे.