द्राक्षमळ्याखालचे बोगदे

जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात मी ट्रेकला गेलो होतो. दमवणारी चढण, उतारावर द्राक्षमळे, वर जंगल. फोटो काढून काढून मोबाइल तापला!

पण मारिएनथालजवळ याच डोंगराच्या पोटात रेल्वेचे जुने बोगदे आहेत. गाडी त्यांतून कधी धावलीच नाही. १९४४ मध्ये नाझींनी इथे बुखेनवाल्ड छळछावणीचे कैदी आणले आणि व्ही-२ रॉकेटच्या सामग्रीच्या कामाला जुंपले. या छावणीचं सांकेतिक नाव काय होतं, माहितीये? ‘रेबश्टॉक’. म्हणजे चक्क द्राक्षवेल!

पुढे शीतयुद्धात याच बोगद्यांत पश्चिम जर्मन सरकारचा गुप्त अणुबंकर झाला. ३००० जणांची ३० दिवसांची सोय. वर द्राक्षं पिकवणाऱ्यांना मात्र त्यात जागा नव्हती.