क्षितिज, मंगळ आणि टायनी प्लॅनेट

मध्ये एक लहानसा गोल, आणि त्याच्या कडेवर घरं, झाडं, विजेचे खांब चहूबाजूंनी बाहेरच्या दिशेला ताठ उभे. अशा फोटोला फोटोवाले 'टायनी प्लॅनेट' म्हणतात. मूळचा असतो चौफेर पॅनोरमा : आडवा ३६० अंश, उभा १८० अंश, म्हणजे २:१ ची लांबट पट्टी. तिची सगळ्यात खालची ओळ खरं तर ओळच नव्हे. पायाखालचा एकच बिंदू ताणून तिथे ओळ झालेला असतो. त्याला परत बिंदू केलं, की पट्टीची डावी-उजवी टोकं भिडतात आणि क्षितिजाचं वर्तुळ होतं. (खालच्याऐवजी वरची ओळ बिंदू केली, तर मध्ये आभाळ येऊन ग्रहाऐवजी विहीर तयार होते. मला तीही आवडते.)

'पॅनोरमा' हा शब्द ग्रीक तुकडे जोडून घडवलेला : 'पान' म्हणजे सगळं, 'होरामा' म्हणजे दृश्य. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने चौफेर चित्राचं पेटंट १७८७ मध्ये घेतलं. हे नाव मात्र त्यानंतर रूढ झालं. 'प्लॅनेट' म्हणजे ग्रीकांच्या लेखी भटक्या. आपला 'ग्रह' भटकत नाही, धरतो; आग्रह, ग्रहण, पाणिग्रहण ही सगळी त्याच धातूची भावंडं. पत्रिकेतल्या ग्रहांचा धाक बघता आपली व्युत्पत्तीच जास्त खरी वाटते.

पण या फोटोला खरा लागू पडतो तो 'क्षितिज'. क्षिती म्हणजे जमीन, तिच्यापासून जन्मलेलं ते क्षितिज. आज आपण तो शब्द एका रेषेपुरता ठेवला आहे. संस्कृत कोशात त्याच शब्दाखाली झाड सापडतं, गांडूळ सापडतं, नरकासुर सापडतो, आणि मंगळही! मंगळ हा भूमीचा मुलगा, म्हणून क्षितिज, म्हणूनच भौम. मंगळवारी आलेल्या प्रदोषाला पंचांगात भौमप्रदोष म्हणतात तो याच नात्याने. म्हणजे रेषा, तिच्यावरचं झाड आणि ग्रह, तिघांचं नाव एकच. फोटोवाल्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, तरी त्यांनी रेषा वाकवून ग्रहच केला.

वाकवण्याची ही रीत जुनी आहे. गोल सपाट करताना आकृतीतले कोन जपायचे आणि मापं फुगू द्यायची, हेच गणित ॲस्ट्रोलेब या जुन्या खगोलयंत्राच्या चकतीत आहे. महेंद्रसूरींनी १३७० मध्ये त्या यंत्रावर संस्कृतात ग्रंथ लिहिला, त्याचं नाव 'यंत्रराज'.

ग्रहाच्या मध्यबिंदूला फोटोवाले 'नेडिर' म्हणतात. हा शब्द अरबीतल्या 'नज़ीर'वरून, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूच्या बरोबर समोरचा. आपल्या खगोलात डोक्यावरचं ते खस्वस्तिक आणि पायाखालचं ते अधःस्वस्तिक. तिथे नेमके ट्रायपॉडचे पाय येतात, आणि ते झाकायला बहुतेक जण स्वतःचा लोगो चिकटवतात.